अंडी उबवायची: इन्क्युबेटरमध्ये की खुडूक कोंबडीखाली?

घरी पिल्लं काढायची ठरवली की इन्क्युबेटर (अंडी उबवायचं यंत्र) घ्यावा का खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसून राहू पाहणारी, कोंबडी बसवावी, इथेच बरेच जण अडतात. दोन्हीकडे पिल्लू साधारण 21 दिवसांनीच बाहेर येतं. फरक पडतो तो आपल्या मेहनतीत.

पंखा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये तापमान 37.5 अंश सेल्सियसच्या आसपास टिकवावं लागतं. आर्द्रता आधी 45 ते 50 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवायची, मग हात लावायचा नाही. त्या काळात झाकण सारखं उघडलं तर आतला ओलावा उडतो, कवचाखालचा पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि टोच मारलेलं पिल्लूही आतच अडकतं. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवाच. वीज गेली तर काय, हेही आधीच ठरवा.

खुडूक कोंबडी हे सगळं स्वतः सांभाळते, पुढे पिल्लांना ऊबही देते. यंत्रातल्या पिल्लांना पहिला आठवडा 35 अंशांची वेगळी सोय लागते. पण कोंबडी आपल्या सोयीने खुडूक होत नाही, मधेच उठूनही जाते. बसवण्यापूर्वी तिच्या पिसांतल्या उवा जरूर तपासा.

दहा-बारा पिल्लं हवी असतील आणि कोंबडी खुडूक असेल, तर तिलाच बसवा. जास्त अंडी असतील, ठरावीक वेळी पिल्लं हवी असतील किंवा कोंबडीच नसेल, तर इन्क्युबेटर घ्या.