सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना ४ लाख १० हजार ५५० रुपयांना गंडलो

आधीच सांगतो, मी भोळासांब नाही. एकवीस वर्षं बँकेत काढली आहेत, लोकांचे कर्जाचे कागद तपासणं हेच माझं काम. समोरच्याच्या सॅलरी स्लिपमध्ये खाडाखोड असली तर मला टेबलापलीकडून दिसते. आणि मी, हाच मी, पत्र्याच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून दीड लाख रुपये रोख मोजून दिले. पावती न घेता. हसा.

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. बायको म्हणाली, तुला लाज वाटते म्हणून तू गप्प आहेस आणि तू गप्प आहेस म्हणून तो माणूस अजून गाड्या विकतोय. तेव्हा लिहितोय.

माझा डावा गुडघा गेलेला. सिंहगड रोडच्या गर्दीत क्लच दाबून दाबून संध्याकाळी जिना चढवत नाही. बायकोला गाडी शिकायची होती, तीही क्लच नको म्हणत होती. घरात आई. म्हणजे छोटी, पेट्रोल, ऑटोमॅटिक, चार लाखांच्या आत. या पैशांत नवीन ऑटोमॅटिक येत नाही. जुन्यात शोधलं की सेलेरिओ, वॅगनआर, क्विड, टियागो, सँट्रो एवढीच नावं फिरून फिरून येतात, आणि बहुतेक सगळ्या एएमटी. २०१४ साली सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्याकडे स्वस्तात आला. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, साधाच क्लच. फक्त क्लच दाबणारा पाय आपला नसतो, तिथे पंप, सेन्सर आणि एक छोटा कॉम्प्युटर असतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण मॅन्युअल गाडी पाण्यात बुडाली तर एखादा हुशार फिटर ती कशीबशी उभी करतो. एएमटी बुडाली की तिचा पायच जातो.

हो, बुडालेली. पुढे येतंच आहे.

जाहिरात अशी होती: सेलेरिओ व्हीएक्सआय एजीएस (मारुती एएमटीला एजीएस म्हणते), २०१८, ४१,२०० किलोमीटर, ‘डॉक्टरांची गाडी’, ३ लाख ९५ हजार. (विकाऊ गाडी कायम डॉक्टरांचीच का असते? या देशातले डॉक्टर रोज गाड्या विकतात की काय?) गाठलं. शहराबाहेर हायवेला लागून शेड, बाहेर वीस-पंचवीस गाड्या धुऊन पुसून उभ्या. आमची मोत्यासारखी चमकत होती. नवी सीट कव्हरं, खाली नवीकोरी मॅटिंग, आत मोगऱ्याचा परफ्युम इतका की आईने नाकाला पदर लावला. मला वाटलं, वा, गाडी किती निगुतीने ठेवली आहे. अरे बाबा, चार लाखांच्या गाडीवर विकणारा माणूस मॅटिंगचा खर्च करतो तो कशासाठी? खाली काय आहे ते दिसू नये म्हणून. मॅटिंग उचलायला लावा. उचलू देत नसेल तर तिथूनच घरी जा.

नंबर एमएच-०८. रत्नागिरी पासिंग. मी विचारलं, असं नाही की विचारलं नाही. डीलर म्हणाला, “साहेब, डॉक्टर मूळचे तिकडचे, आता मुलाकडे पुण्यात असतात.” मी लगेच फोनवर एमपरिवहन हे सरकारी ॲप उघडून नंबर टाकला, तेवढी अक्कल होती. ओनर दोन दाखवत होतं, आणि जाहिरातीत ‘सिंगल ओनर’. त्यावर, “मुलाच्या नावावर केली हो, घरातल्या घरात. त्याला काय ओनर बदलला म्हणायचं का?” पटलं मला. माझ्या कर्जदाराने असलं उत्तर दिलं असतं तर फाइल परत पाठवली असती.

आता तो क्षण. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा हाच डोळ्यांपुढे असतो.

माझी मुलगी दहा वर्षांची. मी पुढे बसून एसी लावून बघत होतो, ती मागे बसून सीटबेल्ट ओढत होती. मुलं ओढतात तसा, पार शेवटपर्यंत, रीळ संपेपर्यंत. आणि म्हणाली, “बाबा, याच्यावर चहा सांडलाय.” मी मागे वळून बघितलं. बेल्टचा जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही, तिथे आडवी तपकिरी रेघ होती. रेघेच्या एका बाजूला पट्टा काळा, दुसऱ्या बाजूला मळकट, किंचित कडक. चहा असा सांडतो का? चहाचा डाग पडतो, फुटपट्टीने ओढल्यासारखी रेघ नाही उमटत. पाण्याची पातळी उमटते. मी काय म्हटलं असेल? “ओढू नकोस गं, तुटेल. काकांची गाडी आहे.” आणि ‘काका’ हसून म्हणाले, “राहू द्या साहेब, लहान आहे.” सोडला तिने. बेल्ट सर्रकन आत गेला, रेघही आत गेली.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या सोसायटीने एक टेम्पो भरून सामान पाठवलं होतं. चादरी, फिनेलचे कॅन, बिस्किटं, खराटे. यादी मी केली होती, माझ्या अक्षरात. बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागलेलं पाणी, एकावर एक चढलेल्या गाड्या, सगळं टीव्हीवर बघितलं होतं. आणि चार वर्षांनी रत्नागिरी पासिंगची गाडी, बेल्टवर पाण्याची रेघ, आणि माझ्या डोक्यात काय, तर परवा पाडवा आहे, गाडी दारात आली पाहिजे. बरं, एमएच-०८ची प्रत्येक गाडी पुरातली नसते, माझ्या एका सहकाऱ्याची उत्तम चालते आहे. पण २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर, या दोन तारखा डोक्यात ठेवून त्या भागातली गाडी बघायला काय हरकत होती? दोन मिनिटांचं काम. चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीटखालचे स्क्रू आणि रूळ मोबाइलच्या उजेडात बघा, गंज दिसेल. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, माती लागते का पाहा.

व्यवहार ३ लाख ८५ हजारांवर ठरला. टोकन ११,००० यूपीआयने. २ लाख २४ हजार बँकेतून. आणि दीड लाख रोख, कारण “साहेब, कागदावर २ लाख ३५ हजारच दाखवू, दोघांनाही बरं.” मला त्यात काय बरं होतं ते आजवर कळलेलं नाही. त्याशिवाय नाव चढवायचे १२,५०० वेगळे. सरकारी फी किती असते ते नंतर बघितलं आणि कपाळ बडवून घेतलं. ज्या कागदावर सही केली त्यात खाली बारीक ओळ होती: ‘गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही.’ वाचली होती. म्हटलं, असली ओळ सगळेच घालतात.

ट्रायल घेतली होती ना? घेतली. गाडी आधीच गरम होती. तो म्हणाला, आत्ताच एका पार्टीला दाखवून आणली. सरळ सपाट रस्ता, दोन किलोमीटर, मस्त. एएमटी सकाळी थंड असताना सुरू करून बघायची असते. पोचल्याबरोबर बोनेटला हात लावायचा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता न सांगता परत जायचं. मग चढ, मग गर्दीत पायरी-पायरीने, मग चढावर रिव्हर्स. हे सगळं मला आता पाठ आहे.

२९ मार्च २०२५ ला गाडी घरी, ३० ला पाडव्याची पूजा, हार, पेढे. एप्रिलमध्ये दोनदा सुरूच झाली नाही. बॅटरी आणि वायरिंगचे किरकोळ ५,६०० गेले. जुनी गाडी, एवढं चालायचंच, असं मीच घरच्यांना समजावलं. त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला. पहिल्याच पावसात एसी लावला की आत ओल्या तळघराचा वास. मोगरा कधीच उडाला होता.

मग खंबाटकी. साताऱ्याला लग्नाला निघालो होतो, आई मागे, घाट चढताना गिअर सुटला. काट्याशेजारी न्यूट्रलचं ‘एन’ लुकलुकायला लागलं, ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. मागे ट्रक. हँडब्रेक ओढून धरला. बायको उतरली आणि चाकामागे दगड लावले. लग्नाची साडी नेसून. क्रेनने पुण्याला आणायचे ४,५००.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने तपासणीचे २,९५० घेतले आणि डॅशबोर्डच्या मागून चहाचा चमचाभर गाळ काढून कागदावर ठेवून दाखवला. वाळलेला, राखाडी, बोटाने चुरला की पीठ. गिअरच्या कॉम्प्युटरच्या कनेक्टरला हिरवा गंज. अंदाजपत्रक १ लाख १२ हजार, “आणि तरी गॅरंटी नाही सर.” मग काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. जुलै २०२१: टो करून आणली, डॅशबोर्डपर्यंत पाणी, अंदाजपत्रक दिलं, काम केलं नाही. किलोमीटर ६३,८८०. म्हणजे पुरातली तर पुरातली, वर मीटरही मागे फिरवलेला.

चेसिस नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला आधीच गेलो असतो तर? फुकट होतं ते! विकत घेण्याआधी जा, पाया पडा, चहा पाजा, पण ती स्क्रीन बघा.

साखळी अशी असते हे तुम्हाला माहीत असेलच: दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला पैसे मिळतात, सांगाडा लिलावात जातो. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, जिवंत. घेणारा धुतो, वाळवतो, कव्हरं घालतो. मुलाच्या नावावर वगैरे काही नाही, दुसरा ओनर तो घेणाराच.

आता साहेब लोकांचं ऐका. डीलरने फोन उचलणं बंद केलं. शेडवर गेलो तर म्हणाला, “तुमच्या मुलीने पण बघितली होती ना गाडी?” हे वाक्य मी विसरणार नाही. चौकीत गेलो. हवालदारांनी पूर्ण ऐकलं, मग विचारलं, “बघून घेतली ना? चालवून घेतली ना? मग फसवलं कुठे? दिवाणी मॅटर आहे.” मी म्हटलं, माहिती लपवली, मीटर फिरवला, याला फसवणूकच म्हणतात, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. ते म्हणाले, “वकील आहात का?” तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का देणारा माणूस बंदोबस्ताला. आणि रोख दीड लाखांचं विचारलं, पुरावा? पुरावा काय, माझं थोबाड.

आरटीओचं कार्यालय तर वेगळंच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, गाडी ताब्यात घेतली की कळवावं लागतं, असा केंद्राचा नियम आहे. याच्याकडे ते नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं. तुम्ही विचारा. काउंटरवर सांगितलं तर, “असा नियम आहे? प्रिंट आणा.” दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून प्रिंट नेली. “हे वरच्या टेबलचं काम.” वरचं टेबल जेवायला. जेवून आलेल्या टेबलने सांगितलं, टपालात द्या. टपालात दिली. जून, जुलै, ऑगस्ट. उत्तर नाही. जुन्या विमा कंपनीला लिहिलं, तर पॉलिसी तुमची नव्हती, माहिती देता येणार नाही. म्हणजे गाडी बुडालेली होती हे मालकाला माहीत, विमावाल्याला माहीत, लिलाववाल्याला माहीत, सर्व्हिसवाल्याला माहीत. कळू नये तो फक्त पैसे देणाऱ्याला. आणि जुनी गाडी नावावर करताना पाच ठिकाणी सह्या आणि आधारच्या प्रती मागणाऱ्या यंत्रणेत ‘ही पाण्यात गेली होती’ असं लिहायला एक रकाना नाही!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझी दाखल आहे. पण २ लाख ३५ हजारांचीच, कारण कागदावर तेवढेच. दीड लाख मी माझ्या सहीने बुडवले.

३,८५,००० अधिक १२,५०० अधिक ५,६०० अधिक ४,५०० अधिक २,९५०. बेरीज वर शीर्षकात आहे. विम्याचे धरलेले नाहीत, गुडघ्याचे तर नाहीतच.

गाडी पार्किंगमध्ये उभी आहे, टायर बसले. मागच्या आठवड्यात दुसऱ्याच एका गाड्यांच्या दलालाचा फोन आला, कुठून नंबर मिळाला कुणास ठाऊक. आहे तशी उचलतो, दोन लाख दहा देतो म्हणाला. मी सगळं सांगितलं, चिपळूण, गाळ, सगळं. तो म्हणाला, “माहीत आहे हो. तेवढं पुराचं कुणाशी बोलू नका. आणि मागचे बेल्ट आधी बदलून घ्या, फार जात नाहीत.”

मी फोन ठेवला. बायको विचारत होती, कोण होतं. राँग नंबर म्हणालो.