सर्व्हिसिंगच्या नावाखाली १८,६५० रुपयांना गंडा. बोटीचं इंजिन असलेल्यांनी वाचाच

पूरपट्ट्यातल्या ज्या तालमीकडे, मंडळाकडे बोट आहे त्यांच्यासाठी लिहितोय. गावाचं नाव टाकत नाही. पोरांनी आधीच माझी भरपूर अक्कल काढली आहे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेच्या काठाला बऱ्याच जणांनी वर्गणी काढून बोटी घेतल्या. आमची फायबरची. मागं २५ एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन), जुनंच घेतलेलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी ओसरलं की इंजिन समाजमंदिरात ताडपत्रीखाली जातं, टाकीत पेट्रोल तसंच राहतं आणि कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली की सगळ्यांना त्याची आठवण होते. आमचं तसं नव्हतं, हे आधीच सांगतो. आम्ही मे महिन्यातच मेकॅनिक शोधला. निष्काळजी राहिलो असतो तर निदान पैसे तरी वाचले असते!

कोण म्हणेल, उद्यमनगरात काय मेकॅनिकांचा दुष्काळ आहे? ऑइल इंजिन न्या, डोळे झाकून खोलतील. पण ओबीएमचं नाव काढलं की चार ठिकाणी एकच उत्तर : "पार्ट मिळत नाहीत, कोकणात न्या." अशा वेळी ओळखीतल्या माणसाने नंबर दिला तर फोन करणार नाही तर काय? कोकणात मच्छीमार बोटींवर काम केलंय म्हणाला. बोलायला गोड. "आण्णा, पूरग्रस्तांचं काम आहे, मजुरीत बघून घेऊ." १२,००० ॲडव्हान्स यूपीआयने घेतला आणि इंजिन पिकअपमध्ये टाकून घेऊन गेला.

परत आणलं तेव्हा हिशोब असा : वॉटर पंप किट ६,४००, गिअर ऑइल आणि सील २,३५०, दोन प्लग ९००, कार्बोरेटर सफाई २,५००, मजुरी ४,५००, वाहतूक २,०००. एकूण १८,६५०. उरलेले ६,६५० रोख घेतले. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं. वर शिक्का नाही, खाली सही नाही. जीएसटीचं बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वर पडतील म्हणाला. वर्गणीचे पैसे, कोण देणार वरचे १८ टक्के?

आता मुद्द्याचं. बदललेले जुने पार्ट म्हणून त्याने एक प्लास्टिकची पिशवी हातात दिली. आत पंपाचा रबरी इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) आणि त्याचा कप. मी पिशवी उघडून बघितली. कपाच्या आतल्या बाजूला पांढरा खडखडीत थर होता आणि कडेला बारीक शिंपल्याचा तुकडा चिकटलेला. समुद्राचं मीठ! आमचं इंजिन घेतल्यापासून पंचगंगेबाहेर गेलेलं नाही. पंचगंगेत गाळ मिळेल, गवत मिळेल, चपला मिळतील, मीठ कुठून येणार? तो तुकडा मी नखाने काढून खाली टाकला, हे आजही आठवतं. पण तेव्हा आठ पोरं भोवती उभी, कुणी नारळ फोडतंय, कुणी व्हिडिओ काढतंय आणि तो माणूस "बघा आण्णा, किती खराब झाला होता" म्हणतोय. शिवाय इंजिन जुनंच घेतलेलं. आधीच्या मालकाने समुद्रात चालवलं असेल, असंच कुणालाही वाटेल.

नदीवर ट्रायल घेतली. इंजिनाच्या मागून पाण्याची धार येते ना, ती आली, पण करंगळीएवढीसुद्धा नाही आणि तुटक. "पाणी गढूळ आहे, दोन तासांनी मोकळी होईल," म्हणाला. ही थाप लक्षात ठेवा. धार बारीक म्हणजे इंजिनाला थंड पाणी पोचत नाही. इम्पेलर गेलाय नाहीतर वाट कचऱ्याने बुजलीय. इंजिन तिथल्या तिथं बंद करा.

जुलैत पाणी पात्राबाहेर पडलं. वस्तीवरची माणसं आणताना दुसऱ्या फेरीत जळका वास आला आणि इंजिन जाम झालं. वल्ही होती म्हणून बाजूला लागलो. बोटीत माणसं होती एवढंच सांगतो.

मग पदरमोड करून इंजिन कोकणात नेलं. तिथल्या मिस्त्रीने आमच्यासमोर खोललं. इम्पेलर आमचा जुनाच, म्हणजे पिशवीतला दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा. दोन पाती तुटलेली, बाकीची एका बाजूला वाकून कडक झालेली. खालच्या पायातलं (पंखा असतो त्या भागातलं) गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे सील गळतंय आणि आत पाणी शिरलंय. पण खरा संताप पुढं आला. दिवाळीनंतर आम्हीच पायाला काळा रंग मारला होता, स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा. ऑइलच्या दोन्ही स्क्रूंवरचा तो रंग जसाच्या तसा होता. स्क्रूच्या खाचेतसुद्धा रंग. म्हणजे २,३५० रुपये घेऊन त्या हरामखोराने स्क्रूड्रायव्हरसुद्धा लावला नव्हता! पिस्टन, रिंगा, सिलिंडर धरून ४१,२०० झाले. दोन्ही मिळून ५९,८५०.

पोलीस ठाण्यात गेलो. "काम केलंय की नाही हा तांत्रिक वाद, दिवाणी मामला." दुसऱ्या दिवशी या, साहेब बंदोबस्ताला आहेत, बिल कुठाय, करार कुठाय. वहीचं पान बघून हवालदार हसला. शेवटी अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला, तोही झेरॉक्स आम्हीच काढून आणल्यावर. बँकेत गेलो तर "पैसे तुम्हीच पाठवलेत." आपत्तीचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेलो तर तिथला कर्मचारी म्हणतो, तुमची बोट आमच्या यादीत नाही. यादीत नाही? मग पुराच्या रात्री "बोट घेऊन लगेच या" म्हणून फोन कुणाला येतात? तेव्हा यादी बघत नाहीत. डिझेल-पेट्रोलचं विचारलं की बघतात, दुरुस्तीचं विचारलं की बघतात. जीव धोक्यात घालायला आम्ही चालतो, कागदावर चालत नाही. हेच जर बोटीत कुणाचं काही झालं असतं तर पहिली नोटीस आम्हालाच आली असती, तेव्हा बरोबर सापडलो असतो यादीत.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून नोंद करा. यूपीआयचा पुरावा आहे तो १२,००० चाच, म्हणून रोख एक रुपया देऊ नका.

आणि इंजिन नजरेआड पाठवू नका. पाठवावंच लागलं तर स्क्रू-बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, फोटो काढा. इम्पेलर स्वतः विकत घ्या, इंजिनाच्या नंबरवरून मिळतो. गिअर ऑइल वर्षाला किंवा शंभर तासांना, जे आधी येईल तेव्हा, डोळ्यासमोर काढायला लावा. ठेवणीत ठेवताना कार्बोरेटर रिकामा करा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं. पुराच्या पाण्यातला गाळ इम्पेलर खातो, म्हणून काम झालं की पिंपात स्वच्छ पाण्यावर चालवा. पंख्याजवळ जाळ्याचा दोरा गुंडाळला असेल तर पंखा काढून बघा, सील तिथंच फाटतं.

तो माणूस आता सांगलीकडच्या मंडळांना फोन करतोय, असं कळलंय. पांढरी पिकअप, ॲडव्हान्स १२,००० आणि "मजुरीत बघून घेऊ". आला तर इंजिन देऊ नका, पिकअपच्या नंबराचा फोटो काढून मला पाठवा. आयोगाच्या नोटिशीसाठी त्याचा पत्ता लागतोय.