टॉप मॉडेल की मधलं? बेळगाव-खानापूरकडच्यांसाठी

गाडीच्या शोरूममध्ये सेल्समन आधी दाखवतो तो मोठा स्क्रीन. इंजिन मात्र बहुतेक वेळा टॉप आणि मधल्या मॉडेलात तेच असतं. वरचे पैसे जातात बटणं, मोटरी आणि सेन्सरवर. म्हणून जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाने आधी एकच विचारावं: हे बिघडलं तर गावातला मेस्त्री हात लावेल का?

हेडलाइट घ्या. मधल्या मॉडेलात अजूनही बऱ्याचदा साधा एच-४ बल्ब असतो, ६०/५५ वॉटचा. मागचं रबर काढा, तारेची क्लिप सोडवा, नवा बल्ब बसवा. बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, एवढंच पथ्य. काही शे रुपयांत विषय मिटला. टॉपमधल्या एलईडीचा उजेड चोर्ला घाटात सरस पडतो आणि ती टिकतेही जास्त, हे खरं. पण बहुतेक गाड्यांत ती दिव्याच्या आत पक्की बसवलेली असते. बंद पडली की अख्खा दिवा बदला, आणि बिल हजारांत. खानापूरच्या पावसात आत पाणी शिरलं तरी तीच गत.

हँडब्रेकचंही तेच. लिव्हरवाल्यात एक केबल. ढिली पडली की पान्याने ताणली, झालं. बटणवाल्यात मागच्या चाकांवर मोटरी असतात. ब्रेक पॅड बदलायचे तर बऱ्याच गाड्यांत आधी गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून त्या मागे घ्याव्या लागतात. बॅटरी उतरली तर ब्रेक सुटतच नाही, मग गाडी ढकलायची कशी? चढावर गाडी धरून ठेवायची सोय छान आहे, पण एवढी नव्हे.

टचवरचा एसी तर नकोच. खड्ड्यात बोट भलतीकडेच पडतं. गोल खुंटी न बघता फिरते.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनासाठी बॅटरीही खास लागते, साधीपेक्षा महाग. खानापूर तालुक्यात सिग्नल किती, ते तुम्हीच सांगा.

सगळंच नवं टाकाऊ नाही हं. जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस २०१९ पासून सक्तीचंच आहे. ओल्या वळणावर गाडी सावरणारं ईएससी मात्र असलंच पाहिजे. मधल्या मॉडेलात ते नसेल तर मी खुशाल वरचं घेईन.

डिझेलचा हिशेब वेगळा. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले आणि डिझेल गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर आला. ती काजळी जळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. रोज निपाणी-कोल्हापूर हायवे असेल तर बिनधास्त घ्या. घर ते खडेबाजार एवढंच फिरणं असेल तर फिल्टर तुंबून डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा पेटणार. तिथे साधी पेट्रोलच बरी.

बुकिंगआधी सर्व्हिस काउंटरला जाऊन हेडलाइट, आरसा आणि दुसरी किल्ली, तिन्हींचे भाव लिहून घ्या. सेल्समनला विचारू नका, त्याला ते माहीत नसतात.