वरूडचा चित्रकलेचा क्लास, वय 42

गावाहून एसटीनं वरूडला येते. बाकी पोरं एलिमेंटरीची, म्हणजे शाळेतल्या पोरांच्या सरकारी चित्रकला परीक्षेची, मधात मी एकटी काकू. पहिले दोन आठवडे नुसत्या रेघा अन् गोल; कंटाळा आला, खरं सांगते. मग सरांनी टेबलावर एक संत्रं ठेवलं. आमच्या बगिच्यात ढिगानं असतात, पण कागदावर माझा बटाटा झाला. सर म्हणाले, "काकू, संत्रं राहू द्या, पहिले त्याची सावली पाहा." 6बी, म्हणजे मऊ अन् गडद पेन्सिल आडवी धरून सावली घासली अन् गोल टपकन उठून आला! संकल्पचित्राला, म्हणजे नक्षी काढायला, मात्र सर घाई करतात. चौकोनात फुलं-पानं कशी बसवायची, हे पोरांना शाळेतूनच येतं म्हणे. पंखा एकच, तोही सरांकडे तोंड करून. फी तीन महिन्यांची एकदम. भरली मी.