निकोटीनचं च्युइंगम, सात महिने आणि पँटचा पट्टा: सिगरेट सुटली, वजनाचं काय झालं ते सांगतो

रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहिला असता तर पाच स्टार दिले असते, दिवाळीनंतर लिहिला असता तर एक पण दिला नसता. आता सात महिने झाले सिगरेट सोडून, त्यातले तीन-साडेतीन महिने गम चालू होतं, त्यामुळे जरा शांत डोक्याने लिहिता येईल.

आधी माझी माहिती. वय ४३, नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर बघतो, दिवसाला आठ-दहा सिगरेटी, १९ वर्षं. सोडली त्या दिवशी वजन ७१.४. शेवटची ओढली गटारीला. आमच्या घरी श्रावण पाळतातच, मटण बंद, बाटली बंद, म्हटलं यंदा ही पण बंद आणि श्रावण संपल्यावर मटण चालू झालं तरी ही परत चालू करायची नाही. याआधी दोनदा सोडून झाली होती आणि दोन्ही वेळा पोटाने घात केला. दुसऱ्या वेळी तर चार महिन्यांत सहा किलो वाढलो, मेव्हणा सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, ओढत होतात तेच बरं होतं, निदान शर्टाची बटणं तरी लागत होती." हसलो मी पण, आणि घरी येताना टपरीवर गाडी लावली. लूज सिगरेट विकायला २०२० पासून महाराष्ट्रात बंदी आहे म्हणे, पण मला तरी कुणी नाही म्हटलं नाही.

यावेळी २ एमजीचं गम घेतलं. २ का ४ याचा हिशोब सोपा आहे, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर ४, नाहीतर २. मी आंघोळ-नाष्टा उरकून बाहेर पडल्यावरच ओढायचो म्हणून २. ते मेडिकलमध्ये असंच मिळतं, ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

पहिला आठवडा मी ते साधं च्युइंगम खातात तसं कचाकचा चावलं. उचकी. मीटिंगमध्ये उचकी, गाडीवर उचकी, घशात जळजळ, वर ॲसिडिटी. मेडिकलवाल्या दादांनीच सांगितलं की हे चावायचं नसतं, चार-पाच वेळा हळू चावायचं, जिभेला झिणझिण आली की गालात दाबून गप्प बसायचं, झिणझिण गेली की परत चार वेळा, असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून जातं, थुंकीबरोबर पोटात गेलं की वाया आणि वर जळजळ. आणि चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत यानंतर पंधरा मिनिटं थांबायचं, आंबट तोंडात ते लागूच पडत नाही. मी बरोबर उलटं करत होतो, चहाचा घोट आणि गम. दाढेत सिमेंट भरलेलं असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांना विचारा, माझं एक उपसून आलं.

आता वजन, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलोय. निकोटीन भूक मारतं आणि शरीराचं इंजिन थोडं जास्त आरपीएमवर पळवतं. ते बंद केलं की दोन्हीकडून मार, भूक वाढते आणि जळण कमी होतं. सोडणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. सरासरी हं, काहींचं उलट कमी होतं आणि काहींचं दहाच्या पुढे जातं. गमने काय होतं तर थोडं निकोटीन चालू राहतं म्हणून भूक एकदम अंगावर येत नाही. पण गम वजन वाढणं थांबवत नाही, पुढे ढकलतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर दिवाळीत एवढा वैतागलो नसतो.

श्रावण मस्त गेला. म्हणजे सोमवारची साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स हा उपास आहे का शिक्षा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण काटा ७२ ला थांबलेला. गणपतीत मोदक खाऊन ७२.३. मी ऑफिसात सांगत फिरायला लागलो की वजनबिजन काही वाढत नाही, उगाच लोक घाबरवतात. मग ठरल्याप्रमाणे गम कमी करत गेलो, आधी दर एक-दोन तासाला एक, सातव्या आठवड्यापासून दोन-चार तासाला, शेवटी दिवसाला तीन-चार, आणि ते संपलं नेमकं दिवाळीच्या तोंडावर. आईने चकल्यांचा डबा समोर ठेवला आणि मी एका बैठकीत किती खाल्ल्या ते तिनेच मोजलं, अकरा. चव परत आली होती ना. १९ वर्षांत भाजणीचा वास असा आला नव्हता, ओव्याचा वेगळा, तिळाचा वेगळा. तुळशीच्या लग्नाला काटा ७५.८. पट्ट्याचं नेहमीचं भोक सुटलं, पुढच्या भोकावर आलो, आणि त्या दिवशी मेव्हण्याचा फोन आला तो मी उचलला नाही.

सिगरेटच्या पाकिटावर क्विटलाइनचा, म्हणजे सिगरेट सोडायला फोनवर मदत करतात त्यांचा, नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. रोज हातात असायचं पाकीट, पण कधी वाचला नव्हता. तिथे फोन केला. त्या मॅडम म्हणाल्या डाएट आत्ता सुरू करू नका, उपाशी राहिलात की पहिली आठवण सिगरेटची येणार, आधी चार किलो राहू द्या. मला ते ऐकून राग आला होता खरं तर. पण मग त्यांनी विचारलं चहा किती होतो, आणि तिथे माझी चोरी सापडली. ओढत होतो तेव्हा चार कटिंग, आता सात. कारण टपरीवर जायचं तर आहेच, हातात काहीतरी हवं. आणि धुरातल्या काही गोष्टींमुळे लिव्हर चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर संपवत असतं, धूर बंद झाला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. हे धुरामुळे होतं, निकोटीनमुळे नाही, म्हणून गम चालू असलं तरी फरक पडत नाही. म्हणजे आधी चार चहाने जे व्हायचं ते आता दोन-तीन चहात होत होतं, आणि मी पीत होतो सात, प्रत्येकात टपरीवाल्याच्या हाताची साखर. झोप लागेना, आणि मला वाटायचं सिगरेटच्या आठवणीने लागत नाही. रात्री साडेबाराला उठायचो आणि ओट्याशी उभं राहून अंधारात चिवडा. डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते शर्टात धरून उघडायचो, बायकोला तरी कळायचंच.

चहा तीनवर आणला, चारनंतर बंद. दहा-बारा दिवसांत झोप लागायला लागली आणि चिवडा आपोआप सुटला, त्याच्यासाठी वेगळा निग्रह करावा लागला नाही. माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक याने पडला, चालण्यापेक्षा पण. चालतो रात्री जेवून अर्धा तास, कारण जेवणानंतरचीच सगळ्यात वाईट आठवण यायची आणि घरात बसलो तर हात श्रीखंडाच्या डब्याकडे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाणे आणि लवंग, सालासकट फुटाणे, एकेक सोलत बसायचं, हाताला काम राहतं. बडीशेप घेऊ नका, साखरेची असते तीच खाल्ली जाते. आणि एक कोणी बोलत नाही ते सांगतो, पहिले पंधरा दिवस पोट साफ होत नव्हतं, सकाळची सिगरेट त्या कामाला पण लागायची ना. तो फुगवटा वजन समजून घाबरू नका. रात्री इसबगोल, पाणी जास्त.

आज काट्यावर ७३.९. म्हणजे अडीच किलो अजून वर आहे आणि मला वाटतं त्यातलं बरंचसं राहील. पट्टा जुन्या भोकावर आलाय, बसल्यावर जरा रुततो.

गमला किती द्यायचे? सिगरेट सोडायला चार. वजनासाठी तीन, कारण तीन महिने उसंत मिळाली हे खरं, पण त्या तीन महिन्यांत चहा आणि चालणं बसवून घ्यायला हवं होतं, मी मोदक खाल्ले. जबडा दुखतो त्याचा अर्धा कापलाय. सणासुदीच्या तोंडावर संपेल असं गणित करू नका, गटारीला सुरू केलं की बरोबर दिवाळीत संपतं. फ्लेवरमध्ये मिंट घ्या. पानाचा पण येतो, मी हौसेने दोन पट्ट्या आणल्या होत्या, तोंडात टाकला की थेट टपरीच डोळ्यासमोर. त्यातली दीड पट्टी अजून गाडीच्या डिकीत पडून आहे.