पॅडीचा ओपन वॉटर कोर्स: प्रशिक्षकांच्या नजरेतून

स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, शिकवणाऱ्यांच्या नजरेने पाहिलं तर पॅडी या डायव्हिंग संस्थेच्या नवशिक्यांसाठीच्या या कोर्सचा आराखडा चोख आहे. थिअरी, पूलमधली पाच सत्रं आणि मग खुल्या पाण्यात चार डाइव्ह: पहिल्या दोन जास्तीत जास्त 12 मीटरपर्यंत, पुढच्या दोन 18 मीटरपर्यंत. पोहण्याची अटही वाजवी आहे. वेळेचं बंधन न ठेवता 200 मीटर पोहायचं आणि 10 मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं. अडचण येते ती सगळा कोर्स घाईघाईत उरकला जातो तेव्हा, आणि पहिली कात्री लागते ती पूलच्या वेळेला.

पूलमध्ये वेळ कशासाठी लागतो, याचं उत्तर मास्क काढून घातला की मिळतं. मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरायची, तोंडाने श्वास घ्यायचा, नाकाने सावकाश सोडत मान थोडी वर न्यायची. पाणी खालच्या कडेने निघून जातं. वाचायला सोपं आहे. पण चेहऱ्यावर पाणी आलं की नाकाने श्वास आत ओढला जातो, ठसका लागतो आणि माणूस थेट वर धाव घेतो. म्हणून चांगला प्रशिक्षक आधी उथळ पाण्यात मास्कशिवाय नुसता रेग्युलेटरवर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) श्वास घ्यायला लावतो. कोर्समध्ये हे निदान एक मिनिट करायचं असतं. ज्याला जड जातंय त्याला पाच मिनिटं द्यावीत, अगदी दुसऱ्या दिवशीही पुन्हा करून घ्यावं. हे कच्चं ठेवून समुद्रात नेणाऱ्या सेंटरला आम्ही चांगलं म्हणणार नाही.

आमची सर्वात मोठी तक्रार वजनाबद्दल आहे. विद्यार्थी गुडघ्यांवर स्थिर बसावेत म्हणून पट्ट्यात गरजेपेक्षा तीन-चार किलो जास्त शिसं घातलं जातं. ते तोलायला बीसीडीत (तरंगणं सांभाळणारं, हवा भरायचं जॅकेट) तेवढीच लिटर हवा जास्त भरावी लागते. आता हिशोब बघा. 10 मीटरवर बीसीडीत 4 लिटर जादा हवा असेल, तर 5 मीटरवर येईपर्यंत पाण्याचा दाब कमी होऊन ती साधारण 5.3 लिटर होते. म्हणजे सव्वा किलोहून जास्त उचल आपोआप वाढली. नवख्याच्या हे लक्षात येईपर्यंत तो फुग्यासारखा वर निघालेला असतो. त्या क्षणी श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. वजन बरोबर असेल तर बीसीडीत हवाच कमी लागते आणि चूक सावरायला वेळ मिळतो.

वजन तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. सगळा सरंजाम अंगावर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडी पूर्ण रिकामी. पृष्ठभागावर उभ्याने स्थिर राहून नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर धरला की पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं, आणि सोडला की हळूहळू खाली जावं. टाकी भरलेली असेल तर आणखी सुमारे दोन किलो धरायचे, कारण डाइव्हच्या शेवटी तेवढी हवा संपून टाकी हलकी झालेली असते. पूलमध्ये ठरलेलं वजन समुद्रात तसंच चालत नाही. खारं पाणी जड असल्याने बहुतेकांना दोन-अडीच किलो आणखी लागतात. जाड वेटसूट घातला तर पुन्हा तपासायचं.

कानांच्या बाबतीत कोर्समध्ये सांगतात ते बरोबर आहे, पण ते पाळलं जात नाही. पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, म्हणून सर्वात जास्त त्रास पहिल्या काही मीटरमध्येच. डोकं पाण्याखाली जाण्याआधीच एकदा इक्वलाइज करायचं, म्हणजे नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून कानातला दाब बाहेरच्याइतका करायचा, नंतर दर अर्ध्या-एक मीटरला. दुखू लागलं तर जोर लावून नाक फुंकायचं नाही. मीटरभर वर यायचं आणि पुन्हा हलकेच प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणाऱ्या गोळीचा असर पाण्याखाली ओसरला, तर वर येताना कानात हवा अडकते आणि ते दुखणं जास्त वाईट.

भाड्याचं सामान स्वतः बघा. टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवून रेग्युलेटरमधून तीन-चार दमदार श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत वर येत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. पृष्ठभागावर श्वास मिळतो, म्हणून ही चूक खोलवर गेल्यावरच कळते. हवेला तेलाचा वास आला तर टाकी बदलून मागा. बीसीडीत हवा भरणारं इन्फ्लेटर बटण दाबून सोडा. मिठाने अडकत असेल तर हवा आपोआप भरत राहील. माऊथपीसचा प्लॅस्टिकचा पट्टा जागेवर आहे का, तेही पाहा.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: पूलमध्ये एकूण किती तास मिळणार आणि एका प्रशिक्षकामागे किती जण. नियमाने खुल्या पाण्यात आठ जणांपर्यंत चालतात, पण पाणी गढूळ असेल तर आठ जणांवर एकट्याने नजर ठेवता येत नाही. चारपर्यंत असतील तर उत्तम. आरोग्याचा फॉर्म भरताना दमा किंवा हृदयाचा त्रास लपवू नका. गरज पडली तर डॉक्टरांची सही आणा. आणि 'हो' ऐवजी 'नाही'वर खूण करा असं सुचवणाऱ्या सेंटरच्या दारातूनच परत फिरा.

सुट्टी कमी असेल तर सगळा कोर्स एकाच ठिकाणी रेटण्यापेक्षा रेफरल घ्या. थिअरी आणि पूल घराजवळ निवांत उरकायचं, कागद घेऊन 12 महिन्यांच्या आत समुद्राच्या चार डाइव्ह दुसरीकडे करायच्या. तिथे पोहोचल्यावर पूलमधल्या गोष्टींची एक उजळणी मागून घ्या. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तासांनी ठेवा.