कमोडोर 1351 म्हणून मला 1350 विकला

सी64साठी, म्हणजे कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकासाठी, माऊस शोधत असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे 115 युरो गेले. त्याहून जास्त जिवाला लागलं ते हे की, दोन महिने मी माझ्या चांगल्या मशीनलाच दोष देत बसलो.

मी जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळ राहतो. कमोडोरचा कारखाना इथे होता, आणि या भागात जुनी मशीनं अजून घराघरांतून निघतात. माझं सी64 असंच मिळालं. त्यावर जिओस या खिडक्या-बाणवाल्या प्रणालीतल्या जिओपेंट या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये चित्रं काढायची होती. त्यासाठी 1351 माऊस हवा. कमोडोरचा 1350 दिसायला अगदी तसाच, पण तो फक्त जॉयस्टिकचं काम करतो: वर, खाली, आडवं, तिरपं, बस्स. 1351 मात्र हात नेमका किती सरकला ते सिड या आवाजाच्या चिपच्या दोन पॉट इनपुटवरून (बाहेरून आलेला बदलता सिग्नल आकड्यात मोजणाऱ्या जोडण्या) मशीनला कळवतो. म्हणून भावही त्यालाच जास्त.

जाहिरातीतल्या फोटोत 1351चं लेबल स्पष्ट होतं, शेवटच्या 1वरून गेलेल्या बारीक ओरखड्यासकट. विक्रेत्याने व्हिडिओही पाठवला. जिओस चालू, बाण पडद्यावर फिरतोय. मला तेवढं पुरलं, आणि तिथेच फसलो. जिओसला जॉयस्टिकचा ड्रायव्हर दिला की 1350नेही बाण फिरतोच. पैसे त्याने मित्र-नातेवाइकांना पाठवायच्या पर्यायाने मागितले. त्यात खरेदीदाराला काही संरक्षण नसतं. तरी मी 70 युरो पाठवले.

माऊस आला. 1351चा ड्रायव्हर लावला, तर बाण जागचा हलेना. डावं बटण मात्र चालत होतं. विक्रेता म्हणाला, "मशीन चालू करताना उजवं बटण दाबलं गेलं असेल, त्याने तो जॉयस्टिक मोडमध्ये जातो." 1351चं खरंच तसं आहे, म्हणूनच माझा विश्वास बसला. मग म्हणाला, "बटण चालतंय पण बाण हलत नाही, म्हणजे तुमची सिड गेली." आणि 45 युरोंना एक 6581, म्हणजे सिड चिपच, त्यानेच मला विकली. जीव मुठीत धरून 28 पायांची चिप सॉकेटमधून काढली, नवी बसवली. बाण तिथेच.

शेवटी एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांचे पॅडल, म्हणजे मूठ फिरवून खेळायचे कंट्रोलर, आणून दिले. पॅडलही त्याच पॉट इनपुटवर चालतात. माझी मूळ सिड परत बसवली, मशीनच्या बेसिक भाषेत 54297 आणि 54298 या मेमरी पत्त्यांवरचे, म्हणजे दोन पॉट इनपुटचे, आकडे पीक या वाचायच्या आज्ञेने सतत छापत ठेवले आणि पॅडलची मूठ फिरवली. आकडे 0पासून 255पर्यंत सरळ चढत गेले. माझ्या चिपला काहीही झालेलं नव्हतं! पॅडल काढून माऊस लावला, टेबलभर फिरवला. आकडे ढिम्म.

मग माऊस उलटा करून दिव्याखाली धरला. लेबलाचा एक कोपरा उचललेला, खाली जुन्या गोंदाची पिवळी किनार. उघडला तर 1351मध्ये असते ती 5717 चिप आत नव्हतीच.

तेव्हा विक्रेत्याकडे जिओसचा व्हिडिओ मागू नका. हेच दोन आकडे मागा: माऊस पोर्ट 1मध्ये, आणि हात सरकेल तसे आकडे बदलताना हात आणि आकडे दोन्ही एकाच चित्रात दिसले पाहिजेत. नऊ पिनांचा प्लग बसतो यावरही जाऊ नका. अमिगा आणि अटारी एसटी या दुसऱ्या जुन्या संगणकांचे माऊसही सी64च्या पोर्टात बसतात, पण त्यांचे सिग्नल निराळे, त्यांनी 1351चं काम होत नाही.

पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. विक्रेत्याचं खातं आता बंद आहे. पण परवा दुसऱ्या नावाने 1351ची एक जाहिरात आली, फोटोत तेच लेबल, शेवटच्या 1वर तोच ओरखडा. ते लेबल लावलेला माऊस तर माझ्या टेबलावर पडून आहे.